फूड ट्रकची परवानगी: आधी जागा, मग कागद, शेवटी गाडी

फूड ट्रक काढायचं ठरलं की बहुतेक लोक सगळ्यात आधी गाडी बघतात. जुना टेम्पो घेतात, वर्कशॉपला नेऊन बाजूचा पत्रा कापून खिडकी काढतात, रंगकाम होतं, नाव लागतं, दिवे लागतात. मग प्रश्न पडतो, ही उभी कुठे करायची? तोवर कर्जाचा हप्ता चालू झालेला असतो. घाईघाईने गाडी एखाद्या कॉलेजबाहेर लागते, गर्दीही जमते आणि एका संध्याकाळी महापालिकेचं अतिक्रमण पथक येतं. मालकाकडे फूड लायसन्स असतं, गुमास्ता असतो, उद्यम नोंदणी असते. पथकाला यातलं काहीच नको असतं. ते एकच विचारतात: या जागेवर उभं राहायची परवानगी कुठे आहे?

महाराष्ट्रातल्या शहरांत फूड ट्रक कायदेशीरपणे सुरू करताना कोणती कामं कोणत्या क्रमाने करायची, ते खाली दिलं आहे. स्थानिक शुल्काचे आकडे शहरागणिक वेगळे असतात आणि दरवर्षी बदलतात, म्हणून ते दिलेले नाहीत. ते तुमच्या वॉर्ड ऑफिसच्या दरपत्रकातच बघा.

सुरू करण्याआधी: कोणता कागद कशाचा

एका कागदाचं काम दुसरा करेल, या समजुतीने सगळ्यात जास्त लोक फसतात. एफएसएसएआयची नोंदणी सांगते की तुम्ही अन्नव्यवसाय करता आणि स्वच्छतेचे नियम तुम्हाला लागू आहेत. गुमास्ता कामगारांचे तास, सुट्ट्या आणि आस्थापनेची नोंद यापुरता असतो. उद्यम नोंदणी कर्ज आणि सरकारी योजनांसाठी उपयोगी पडते. जीएसटी कराचा विषय आहे. आरसी बुकात गाडी कोणत्या प्रकारची आहे आणि रस्त्यावर चालवता येते का, एवढंच कळतं. गाडी थांबवून तिथे विक्री करायची परवानगी यांपैकी एकही कागद देत नाही. ती परवानगी त्या जमिनीच्या मालकाकडून आणि त्या हद्दीच्या स्थानिक संस्थेकडून घ्यावी लागते.

एजंट "सगळी लायसन्सं काढून देतो" म्हणतो तेव्हा त्याला हाच प्रश्न विचारा: जागेचा कागद कोण देणार आणि त्यावर सही कोणाची असणार?

टप्पा १: जमीन कोणाच्या ताब्यात आहे ते शोधा

मनात असलेल्या तीन-चार जागांची यादी करा आणि प्रत्येक जागेचा मालक किंवा ताबा असलेली संस्था लिहून काढा. सोपं वाटतं, पण इथे चूक झाली तर पुढचे सगळे अर्ज वाया जातात.

शहरातला साधा रस्ता बहुधा महापालिकेचा असतो, नेहमी नाही. राष्ट्रीय महामार्गाची जमीन केंद्राच्या ताब्यात असते आणि तिच्या वापराला राष्ट्रीय महामार्ग (जमीन व वाहतूक) नियंत्रण अधिनियम २००२ लागू होतो. राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा रस्ते विकास महामंडळाकडे असू शकतो. पुण्यातला कॅम्प आणि खडकी, नाशिकजवळचं देवळाली या छावणी भागांत महापालिकेआधी कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे चौकशी करा. औद्योगिक वसाहतीतले रस्ते आणि मोकळे भूखंड एमआयडीसीचे असतात. नवी मुंबईत काही जागा सिडकोकडे आहेत. मुंबईत तर एकाच चौकात महापालिका, रेल्वे, पोर्ट आणि म्हाडा यांच्या हद्दी एकमेकींना खेटून असतात. समुद्रकिनारी सागरी मंडळ आणि किनारा नियमन क्षेत्राचे नियम मध्ये येतात. गावाच्या हद्दीत असाल तर ग्रामपंचायत.

मालकी कळायला दोन कागद पुरतात. शहरात मालमत्ता पत्रक, गावठाणाबाहेर सातबारा. रस्त्याबाबत क्षेत्रीय कार्यालयातल्या पथ विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला भेटा, तो नकाशावर बोट ठेवून सांगेल. तोंडी उत्तरावर थांबू नका. माहिती अधिकारात अर्ज करून "या रस्त्याची मालकी व देखभाल कोणाकडे आहे आणि हा भाग फेरीवाला क्षेत्र आहे की ना-फेरीवाला क्षेत्र" असं लेखी विचारा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. हे ३० दिवस गाडी घेण्याआधीचे असू द्या.

*सावधान:* रेल्वे स्थानक आणि महापालिका मंडईपासून १५० मीटर, शाळा-कॉलेज, रुग्णालय आणि प्रार्थनास्थळापासून १०० मीटर या मर्यादा सर्वोच्च न्यायालयाच्या ९ डिसेंबर २००३ च्या मुंबईतल्या फेरीवाल्यांविषयीच्या निकालातून आल्या आहेत. मुंबईत अतिक्रमण विभाग आजही त्यांवर बोट ठेवतो. पादचारी पूल आणि उड्डाणपुलांवरही विक्रीला मनाई आहे. फूड ट्रकवाल्याला नेमकी कॉलेज आणि स्टेशनबाहेरचीच जागा हवी असते, म्हणून टेप घेऊन अंतर मोजा. रस्त्यावर अन्न शिजवण्याचा मुद्दाही मुंबईत न्यायालयांपुढे आलेला आहे. तिथे धंदा करणार असाल तर शिजवण्याबद्दल वॉर्ड ऑफिसला वेगळं लेखी विचारा.

टप्पा २: सार्वजनिक रस्ता की खाजगी जागा, हे आत्ताच ठरवा

या दोन वाटा पूर्णपणे वेगळ्या आहेत. दोन्हींवर एक-एक पाय ठेवून चालत नाही.

*पहिली वाट: सार्वजनिक रस्ता.* इथे पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम २०१४ लागू होतो. या कायद्यात एका जागी बसणारा विक्रेता आहे आणि फिरता विक्रेताही आहे, त्यामुळे फूड ट्रकवाल्यांना हा कायदा आपल्यासाठीच आहे असं वाटतं. पण विक्री प्रमाणपत्र घेताना द्यायचं हमीपत्र वाचा. धंदा स्वतः किंवा कुटुंबातल्या माणसाकरवी करीन, उपजीविकेचं दुसरं साधन नाही, प्रमाणपत्र कोणालाही भाड्याने किंवा हस्तांतरित करणार नाही, असं त्यात लिहून द्यावं लागतं. नोकरी सांभाळून जोडधंदा म्हणून ट्रक काढणारा, भागीदारीत चार गाड्या काढणारा, पगारी आचारी ठेवून स्वतः घरी बसणारा यांपैकी कोणीही या चौकटीत बसत नाही. कायदा हातगाडीवाल्याच्या पोटापाण्यासाठी केला आहे आणि तो तसाच राहावा असं मला मनापासून वाटतं. दुसऱ्याच्या नावाचं प्रमाणपत्र भाड्याने घेऊन ट्रक लावणाऱ्यामुळे ते प्रमाणपत्र रद्द होतं आणि एका गरीब कुटुंबाचा हक्क जातो.

तुम्ही खरोखर या चौकटीत बसत असाल, तर महापालिकेच्या नगर पथविक्रेता समितीकडे जा. दर पाच वर्षांनी किमान एकदा पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हावं असं कायदा सांगतो. दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळातही समिती नव्या विक्रेत्याला प्रमाणपत्र देऊ शकते, पण योजना, पथविक्री आराखडा आणि त्या क्षेत्राची धारणक्षमता (तिथे किती विक्रेते मावतात) यांच्या आत राहून. विक्रेत्यांची संख्या प्रभाग, विभाग किंवा शहराच्या लोकसंख्येच्या २.५ टक्क्यांपर्यंत सामावून घेण्याची तरतूद आहे. अर्ज करताना चारचाकी वाहनाचं माप आणि फोटो जोडा. हातगाडीसाठी आखलेल्या चौकोनात टेम्पो मावत नाही, आणि हे समितीला नंतर कळलं तर प्रमाणपत्र असूनही वाद होतो.

*दुसरी वाट: खाजगी जागा.* पेट्रोल पंपाशेजारचा मोकळा भूखंड, आयटी कंपनीचं आवार, मंगल कार्यालयाचं पार्किंग, गृहसंस्थेची जागा, शेतघर. इथे पथविक्रेता कायद्याऐवजी जमीनमालकाची संमती आणि महापालिकेचा व्यवसाय परवाना लागतो. माझं स्पष्ट मत आहे की नवख्या माणसाने पहिली दोन वर्षं खाजगी जागेवरच काढावीत. भाडं द्यावं लागतं, पण रोज सकाळी आज गाडी उचलतील का, ही धास्ती राहत नाही.

खाजगी जागेचेही सापळे आहेत. गृहसंस्थेत एकट्या सचिवाची सही पुरत नाही, सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या. भूखंडाचा मंजूर वापर काय आहे ते बघा. मंजूर नकाशात पार्किंग किंवा सक्तीची मोकळी जागा म्हणून दाखवलेल्या ठिकाणी रोजची विक्री सुरू केली की शेजाऱ्याची एक तक्रार पुरते. शेतजमिनीवर बिगरशेतीचा प्रश्न येतो. आणि चाकं काढून, खाली विटांचे ठोकळे लावून, बाजूला पत्र्याची शेड ठोकली, तर महापालिका त्याला विनापरवाना बांधकाम समजून नोटीस काढू शकते. गाडी चालती राहिली पाहिजे.

*इथे थांबा आणि तपासा:* जागेच्या मालकाचं नाव कागदावर आहे? ती जागा कोणत्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत आहे ते लेखी आहे? संमतीपत्रावर मुदत, वेळ, भाडं, वीज-पाण्याची सोय आणि कचऱ्याची जबाबदारी लिहिलेली आहे? यातलं एक जरी नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. गाडीचा इसार तर देऊच नका.

टप्पा ३: मेनू आणि गाडीचा आराखडा एकत्र काढा

तळणार की फक्त गरम करून देणार, हे आधी ठरवायचं कारण सगळी तांत्रिक गणितं त्यावर बसतात. वडा, भजी, चायनीज असेल तर उघडी ज्योत, तापलेलं तेल, धूर, जास्त गॅस आणि चिकट सांडपाणी येतं. सँडविच, सरबत, कॉफी असेल तर काम विजेवर भागतं आणि अग्निशमन दलाचे प्रश्न निम्म्यावर येतात. काही जागामालक ज्योतीला नकार देतात. ते आधीच विचारा.

मग वजनाचा हिशोब करा. छोट्या चारचाकी टेम्पोची वहनक्षमता साधारण पाऊण टन असते. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. व्यावसायिक गॅसची दोन भरलेली सिलिंडरं साधारण ७० किलो. वर स्टीलचं टेबल, फ्रीज, जनरेटर, भट्टी, पत्र्याची बॉडी आणि कच्चा माल. कागदावर बेरीज केली की बऱ्याच जणांना मोठी गाडी घ्यावी लागणार हे कळतं. आरटीओच्या काट्यावर कळण्यापेक्षा ते आत्ता कळलेलं परवडतं.

आराखडा मापासकट काढून घ्या: लांबी, रुंदी, उंची, खिडकी कोणत्या बाजूला, सिलिंडर कुठे, पाण्याच्या दोन टाक्या कुठे, आणीबाणीत बाहेर पडायची वाट कुठे. खिडकी डाव्या बाजूला घ्या. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला लागते, म्हणजे गिऱ्हाईक फुटपाथच्या बाजूने उभं राहतं. उजवीकडे खिडकी कापली तर रांग थेट चालत्या वाहतुकीत लागते, आणि वाहतूक पोलीस हरकत घेतात ती याच गोष्टीवर.

टप्पा ४: स्थानिक संस्थेकडे अर्ज

आता महापालिका. विभागाचं नाव शहरानुसार बदलतं. मुंबईत अनुज्ञापन खातं, पुण्यात आकाशचिन्ह व परवाना विभाग, छोट्या नगरपालिकेत नुसता परवाना लिपिक. मुंबईला मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ लागू आहे; त्यातलं कलम ३१३-अ सार्वजनिक जागी विक्रीच्या परवान्याचं, कलम ३९४ परवान्याशिवाय न करता येणाऱ्या व्यवसायांचं. राज्यातल्या इतर महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ लागू आहे आणि तिथे व्यवसाय परवान्यासाठी कलम ३७६ बघायचं. अर्जात योग्य कलम लिहिलं की टेबलाटेबलांवरची टोलवाटोलवी बरीच कमी होते.

फाइलमध्ये या क्रमाने कागद लावा:

१. अर्ज, त्यात विक्रीची जागा, वेळ, मेनू आणि वाहनाचं माप.
२. जागामालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा आणि मालमत्ता कराची चालू पावती.
३. जागेचा साधा नकाशा. रस्त्याची रुंदी, प्रवेशद्वार, जवळची शाळा, रुग्णालय, अग्निशमन नळ यांची अंतरं दाखवा.
४. गाडीचा आराखडा.
५. कचरा, सांडपाणी आणि गॅस यांची व्यवस्था सांगणारं एक पान.
६. ओळख आणि पत्त्याचे पुरावे.

पाचवं पान जवळजवळ कोणीच जोडत नाही. ते जोडलं की आरोग्य निरीक्षकाला आणि अग्निशमन अधिकाऱ्याला विचारायचे प्रश्न आधीच सुटलेले दिसतात.

इथे एक पेच येतो. परवाना विभाग आरसी मागतो, आणि तुम्ही तर गाडी अजून घेतलेली नाही. अशा वेळी "नियोजित वाहनाचा आराखडा जोडला आहे, या जागी व्यवसायास तत्त्वतः हरकत आहे किंवा नाही ते कळवावं" असा अर्ज द्या. उत्तर नकारार्थी आलं तरी त्यात कारण लिहिलेलं असतं, आणि त्याची किंमत एका टपाल तिकिटाएवढी पडते. गाडी बांधल्यावर तोच नकार काही लाखांना पडतो.

*तपासा:* प्रत्येक अर्जाच्या तुमच्याकडच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ऑनलाइन असेल तर पोचपावती छापून ठेवा. तुम्ही मागितलेली सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित असेल तर तिला ठरलेली मुदत असते. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. आवक क्रमांक नसेल तर मुदत मोजायची कुठून?

*सावधान:* दंडाची पावती म्हणजे परवाना नव्हे. काही जण रोज दंड भरतात आणि "महापालिका आमच्याकडून पैसे घेते, म्हणजे परवानगी आहे" असं धरून चालतात. पावतीवर काय लिहिलं आहे ते वाचा. त्यावर अतिक्रमण किंवा अस्वच्छतेचा दंड असं लिहिलं असेल, तर ती तुमच्याविरुद्धची नोंद आहे.

टप्पा ५: गाडी घ्या आणि आरटीओची परवानगी घेऊनच कापा

वर्कशॉपवाला सांगतो, "आधी बॉडी करू, पासिंग नंतर बघू." त्याचं ऐकू नका. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदींशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे ठामपणे सांगितलं आहे. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे कलम १८२-अ खाली ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. याहून मोठा धोका विम्याचा. आरसीवर मालवाहू टेम्पो आणि प्रत्यक्षात आत भट्टी, अशी गाडी जळाली तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

क्रम असा ठेवा:

१. शक्य असेल तर नवी चेसिस (बॉडी नसलेला गाडीचा सांगाडा) घ्या आणि पहिली नोंदणीच फिरतं उपाहारगृह या प्रकारात करा. केंद्राच्या वाहनप्रकारांच्या यादीत हा प्रकार परिवहन वाहनांमध्ये स्वतंत्र आहे. वेगळी बॉडी बांधताना नमुना २२-अ, म्हणजे गाडी नियमांप्रमाणे असल्याचा दाखला, लागतो. त्याचा पहिला भाग चेसिस बनवणारा देतो, दुसरा बॉडी बांधणारा. दुसऱ्या भागावर सही करू शकेल असाच बॉडीवाला निवडा.
२. जुनी गाडी असेल तर बदलासाठी आधी आरटीओकडे अर्ज, सोबत आराखडा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती.
३. मंजुरी आल्यावरच काम सुरू. काम संपल्यावर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीत नोंद करून घ्या.
४. मग फिटनेस प्रमाणपत्र. नव्या परिवहन वाहनाला पहिल्यांदा दोन वर्षांचं मिळतं, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी.
५. शेवटी विम्यातली दुरुस्ती; विमा मुळात नोंदणीच्या वेळीच लागतो. पॉलिसीवर वाहनाचा बदललेला प्रकार आणि आत बसवलेली यंत्रसामग्री यांची किंमत लिहून घ्या.

नंबरप्लेट पिवळी, अक्षरं काळी. गाडी चालू असताना स्वयंपाकाच्या भागात माणूस बसवू नका, आणि भट्टी गरम असताना गाडी हलवू नका.

टप्पा ६: गॅस, पाणी, सांडपाणी

घरगुती १४.२ किलोचं लाल सिलिंडर धंद्यात वापरणं हा गुन्हा आहे. व्यावसायिक १९ किलोचं निळं घ्या, ते तुमच्या नावावर असू द्या आणि पावत्या गाडीत ठेवा. एकूण साठा १०० किलोच्या आत ठेवा. त्यापुढे स्फोटक विभागाचा परवाना लागतो. सिलिंडर उभं, साखळीने बांधलेलं, बाहेरच्या हवेला उघडणाऱ्या कप्प्यात. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली की गॅस खाली साचतो, म्हणून कप्प्याच्या तळाला जाळी हवी. वरची खिडकी उघडी ठेवून उपयोग नाही.

अग्निशामक सिलिंडरावर आयएसआय खूण आणि पुढच्या भरणाची तारीख दिसली पाहिजे. तळण असेल तर तेलाच्या आगीसाठी वेट केमिकलचं वेगळं घ्या. पेटलेल्या तेलावर पाणी ओतायचं नाही, हे नव्या पोराला पहिल्या दिवशी करून दाखवा.

पाण्याच्या दोन टाक्या: एक पिण्याच्या पाण्याची, दुसरी सांडपाण्याची. सांडपाण्याची टाकी थोडी मोठी घ्या. वाटेत सांडपाण्यातलं तेल अडवणारा सापळा बसवा. सांडपाणी पावसाळी गटारात सोडलं की आरोग्य निरीक्षक दंड करतो, आणि करायलाच हवा. चार दिवसांत त्या कोपऱ्याला वास सुटतो. टाकी कुठे रिकामी करणार, ते जागामालकाच्या संमतीपत्रातच लिहून घ्या.

टप्पा ७: अन्नसुरक्षेची नोंदणी

अर्ज एफएसएसएआयच्या फॉस्कॉस पोर्टलवर होतो. नोंदणी पुरेल की राज्य परवाना लागेल हे वार्षिक उलाढालीवर ठरतं. ही मर्यादा नियमदुरुस्तीने बदलत असते, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवर दिसतो तोच आकडा धरा. जाहिराती दाखवणाऱ्या खाजगी संकेतस्थळांवर सरकारी शुल्काच्या कित्येक पट पैसे घेतले जातात, तिकडे जाऊ नका.

नेहमीची चूक: आमटी, चटण्या, पीठ घरी किंवा भाड्याच्या खोलीत तयार होतं आणि नोंदणी फक्त गाडीची असते. प्रत्येक जागेची नोंद वेगळी लागते. तयारीच्या स्वयंपाकघराचीही करा.

१४ अंकी क्रमांक गाडीवर ठळक लावा, बिलावरही छापा. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाचं वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र दरवर्षी काढा. पाण्याचा तपासणी अहवाल जवळ ठेवा. तळणाच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरता येत नाही. साधा मार्ग म्हणजे तेल काळपट, फेसाळ व्हायच्या आधीच बदलणं. वर्तमानपत्रात वडे बांधून देणं नियमाने बंद आहे. राज्यातली प्लास्टिकबंदी २०१८ पासून लागू आहे: पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,००० आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद.

टप्पा ८: रोज गाडी लावताना

मंजूर जागेच्या बाहेर एक फूटही सरकू नका. टेबल-खुर्च्या बाहेर मांडणं हा वेगळा विषय आहे, तो परवान्यात लिहिलेला नसेल तर मांडू नका. अर्ध्याहून अधिक तक्रारी गाडीपेक्षा खुर्च्यांमुळे आणि गिऱ्हाइकांच्या दुचाकींमुळे येतात असा माझा अंदाज आहे. दुचाकी कुठे लावायच्या याचा फलक लावा आणि गर्दीच्या वेळी एक माणूस त्यासाठी ठेवा. सार्वजनिक वाटेत अडथळा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे. उघडा जनरेटर ती सहज ओलांडतो. जागामालकाकडून मीटर लावून वीज घेता आली तर उत्तम.

ओला आणि सुका असे दोन डबे गाडीबाहेर, झाकणाचे. निघताना आजूबाजूची जागा झाडून एक फोटो काढा. तारीख-वेळेसकटचे हे फोटो तक्रारीला उत्तर देताना फार कामी येतात.

गाडीत एक प्लास्टिकची फाइल कायम ठेवा: परवाना, जागेची संमती, आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी, एफएसएसएआय, गॅसच्या पावत्या, वैद्यकीय प्रमाणपत्रं. मूळ कागद घरी, साक्षांकित प्रती गाडीत. खिडकीवरच्या माणसाला फाइल कुठे आहे हे माहीत हवं, कारण तपासणी नेमकी मालक नसताना येते.

टप्पा ९: तरीही कारवाई झाली तर

वाद घालू नका, हाणामारी तर नाहीच. अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि आदेशाचा क्रमांक विचारून लिहून घ्या. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना मांडलेली वस्तू नोटीस न देता हटवायचा अधिकार आयुक्तांना आहे. मुंबईत कलम ३१४, इतर महापालिकांत कलम २३१. त्यामुळे "नोटीस कुठे आहे" हा प्रश्न परवाना नसलेल्या गाडीला उपयोगाचा नाही.

विक्री प्रमाणपत्र असेल तर गोष्ट वेगळी. पथविक्रेता कायद्यात स्थलांतर किंवा निष्कासनाआधी ३० दिवसांची नोटीस सांगितली आहे. माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते. मागणी केल्यावर आणि शुल्क भरल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करायचा असतो. यादी मागायला लाजू नका. यादीशिवाय सोडलेला मिक्सर पुन्हा मिळत नाही. गाऱ्हाणं असेल तर निवृत्त दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी अध्यक्ष असलेल्या तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज करता येतो.

खाजगी जागेवर असताना कारवाई झाली, तर त्याच दिवशी जागामालकाला बरोबर घेऊन वॉर्ड ऑफिसला जा आणि परवाना, संमतीपत्र, फोटो जोडून लेखी निवेदन द्या. आवक शिक्का घ्या.

नूतनीकरणाच्या तारखा एकाच कॅलेंडरवर लिहा: महापालिका परवाना, फिटनेस, विमा, पीयूसी, अग्निशामकाचं भरण, वैद्यकीय प्रमाणपत्रं, जागेच्या कराराची मुदत. प्रत्येकीच्या ४५ दिवस आधी खूण करा. करार संपून परवाना चालू राहिला तरी त्या दिवसापासून गाडी बिनजागेची ठरते, म्हणून जागेच्या कराराची खूण ९० दिवस आधी करा. नवी जागा शोधायची वेळ आली तर टप्पा १ पासून सगळं पुन्हा करावं लागतं आणि त्याला तेवढे दिवस लागतात.